पुण्याचं तिकीट वेटिंग २३, २४ आहे. थांबावं की बसचं बघावं?

सुदामानगर_इंदूर

नमस्कार. मी इंदूरला सुदामा नगरात राहते, आई माझ्याकडेच असते, वय ७२, दोन्ही गुडघे गेलेत आणि शुगर आहे. पुण्याला मामाचं सहस्रचंद्रदर्शन आहे. आईचा हा एकच भाऊ आता राहिलाय, बाकीची भावंडं गेली, त्यामुळे ८१ दिव्यांनी दादाला मीच ओवाळणार हे तिनं दिवाळीपासून मनात धरलंय. तारीख गुरुजींकडून उशिरा आली आणि तोवर गाडी भरली होती. मी त्याच दिवशी पुण्यावरून जाणाऱ्या दौंडच्या गाडीची थर्ड एसीची दोन तिकिटं काढली, आई आणि मी, तेव्हा वेटिंग ४१, ४२ मिळालं. आज सहाव्या दिवशी २३, २४ आहे. निघायला अजून १८ दिवस.

रोज सकाळी पूजा झाली की आई चष्मा लावून माझ्यासमोर येऊन बसते आणि विचारते, "किती झालं गं?" मी सांगितलं की ती उठते आणि कालनिर्णयवर त्या तारखेच्या चौकोनात, दुधाच्या खुणेशेजारी, पेन्सिलीनं तो आकडा लिहिते. ४१, ३८, ३८, ३१, २६, २३. दादासाठी डिंकाचे लाडू करायचेत, डिंक आणून ठेवलाय, खारीक फोडून ठेवलीय, पण आकडा दहाच्या खाली आल्याशिवाय ती कढई चढवणार नाही म्हणते. मधे एक दिवस ३८ चा ३८ च राहिला तर दुपारी जेवली नाही नीट. मला ते बघवत नाही. मी पण ऑफिसात दर तासाला फोन उघडून बघते, खरं म्हणजे तासातासानं काही बदलत नाही हे कळतं तरी हात जातोच.

विचारायचं असं की हे होईल का? का आत्ताच बसचं बुक करून टाकू? बसला आईची अडचण बाथरूमची आहे, शुगरमुळे दर दोन तासांनी जावं लागतं. विमान सध्या आम्हाला परवडण्यातलं नाही. आणि दुसरं, आईला रोजचा आकडा सांगावा की नाही?

राऊकर

ताई, बस नका करू, निदान आईंना घेऊन तरी नका. मागच्या डिसेंबरमध्ये मी बायको आणि सासूबाईंना घेऊन गेलो होतो, पिकअप राजीव गांधी चौराह्यावर रात्री साडेनऊचा. ॲपवर बस १० मिनिटांत येतेय असं दिसत होतं आणि ते १० मिनिटं बारा वाजेपर्यंत १० च राहिले. ड्रायव्हरचा फोन बंद, ऑफिसवाला म्हणे निघालीये बस निघालीये. थंडी, बसायला जागा नाही, एका बंद दुकानाच्या ओट्यावर सासूबाईंना माझं जॅकेट अंथरून बसवलं. बाथरूमसाठी शेवटी एका पेट्रोल पंपावर ऑटोनं नेऊन आणलं, आणि तेवढ्यात बस येऊन गेली तर काय या भीतीनं बायको चौकात एकटी उभी. पुढे बिजासन घाटात ट्रक आडवा, तिथे अजून दोन तास. ज्या वास्तुशांतीला निघालो होतो तिची पूजा आटोपल्यावर पोचलो.

बस करायचीच झाली तर एवढं करा, मधल्या पिकअपवरून चढू नका, जिथून सुटते तिथे जाऊन बसा. तिथे निदान ऑफिस असतं, खुर्ची असते, समोर विचारायला माणूस असतो.

जुना_बुकिंगबाबू

ताई, मी रेल्वेच्या रिझर्वेशन काउंटरवर ३१ वर्षं काढली, आता रिटायर आहे, रामबागेत असतो. तुमचं वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय.

आधी तिकिटावर बघा, वेटिंगच्या पुढे काय लिहिलंय. जीएनडब्ल्यूएल असेल तर चांगलं. ते गाडी जिथून सुटते तिथल्या तिकिटांचं असतं आणि सगळ्यात जास्त तेच सरकतं. इंदूरहून काढलंय म्हणजे बहुतेक तेच असेल. पीक्यूडब्ल्यूएल किंवा आरएलडब्ल्यूएल, म्हणजे मधल्या स्टेशनांचं वेटिंग, असतं तर मी एवढ्या भरवशानं बोललो नसतो, त्यांचा कोटाच लहान असतो. दुसरं, तिकिटावर दोन आकडे असतात, पहिला तुम्ही रांगेत शिरलात तेव्हाचा आणि दुसरा आत्ताचा. लोक पहिला बघून घाबरतात. तुम्ही दुसराच बघताय, बरोबर आहे.

सहा दिवसांत १८ नं खाली आलंय, १८ दिवस बाकी आहेत, तेव्हा माझ्या अंदाजानं आरएसीत, म्हणजे एका बर्थवर दोघांनी बसून जायचं त्यात, तर नक्की जाल. पण सरळ रेषेत उतरेल असं धरू नका. मधे चार-पाच दिवस आकडा हलतच नाही, ज्यांचं कन्फर्म आहे ते लोक शेवटच्या दोन दिवसांपर्यंत तिकीट धरून ठेवतात. आणि चार्ट, म्हणजे प्रवाशांची शेवटची यादी, बनताना एकदम उडी येते कारण इमर्जन्सी कोटा वगैरे जे वापरले गेले नाहीत ते बर्थ तेव्हाच सुटतात. त्या मधल्या दिवसांत आईसाहेबांना सांगून ठेवा की आकडा थांबला म्हणजे गाडी गेली असं नाही.

चार्ट आधी गाडीच्या ४ तास आधी लागायचा, २०२५ पासून तो आणखी आधी लावतात, म्हणजे तुमच्या दुपारच्या गाडीचं सकाळीच कळेल. राहिलंच वेटिंगमध्ये तर ऑनलाइन तिकीट आपोआप रद्द होतं, माणशी ६० रुपये आणि थोडा टॅक्स कापून पैसे परत येतात. म्हणून आत्ता रद्द करू नका, तिकीट धरून ठेवण्यात तुमचं काही जात नाही. पण वेटिंगवर डब्यात मात्र चढू नका, उतरवतात. आरएसी असेल तर हक्कानं चढा.

एक विचारू? सीनियर सिटिझनच्या लोअर बर्थ कोट्यात का नाही बघितलं?

सुदामानगर_इंदूर

काका, जीएनडब्ल्यूएलच आहे, आत्ता बघितलं, जीव भांड्यात पडला. लोअर बर्थ कोट्याचं माहीतच नव्हतं. मला वाटलं म्हाताऱ्यांची सवलत बंद झाली तेव्हा सगळंच बंद झालं.

जुना_बुकिंगबाबू

नाही नाही, भाड्यातली सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली, ती वेगळी. कोटा चालूच आहे. बुक करताना जिथे जनरल, तत्काळ असं निवडतो तिथेच खाली लोअर बर्थ / सीनियर सिटिझन असतं. पुरुषाला ६० पूर्ण लागतात, बाईमाणसाला ४५. एकटं किंवा दोघंच असायला पाहिजेत आणि दोघंही त्या वयात बसायला पाहिजेत, तिसरा माणूस जोडला की मिळत नाही. थर्ड एसीच्या प्रत्येक डब्यात चार-पाचच असतात म्हणून लवकर संपतात. लोक सवयीनं जनरलमध्ये काढतात आणि मग आईला खालची सीट द्या हो म्हणून डब्यात सगळ्यांना विनवतात. काउंटरवर असताना मी कितीतरी लोकांना फॉर्म परत देऊन सांगायचो की हे लिहून आणा. आता फोनवर कोण सांगणार.

सुदामानगर_इंदूर

माझं वय ४६ आहे काका. म्हणजे आम्ही दोघी बसत होतो त्यात. आत्ता बघितलं, त्या तारखेचं संपलंय. चुकलं माझं. परतीचं अजून काढलेलं नाही, ते त्यातूनच काढते आत्ता.

ग्वाल्हेरचा_दादा

तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर बोलतो, आकडा सांगावा की नाही.

सांगा. खरा सांगा. मी सांगितला नव्हता. माझ्या वडिलांना नाशिकला त्यांच्या मित्राकडे जायचं होतं, दोघं शाळेपासूनचे. वेटिंग होतं १९, मी म्हटलं अण्णा कन्फर्म झालंय, उगाच रोज काळजी करत बसतील म्हणून. त्यांनी बॅग भरली, मित्राला फोन केला, कोणत्या डब्यात आहे ते सुद्धा विचारलं तर मी बी-२ म्हणून ठोकून दिलं. चार्ट लागला आणि वेटिंग ४. मी त्यांच्यासमोर उभा राहून सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले की मला माहीत असतं तर मी त्याला ये म्हणून सांगितलं नसतं, तो स्टेशनवर यायला निघाला असेल आता. तिकिटाबद्दल एक शब्द नाही बोलले. मित्राला फोन त्यांनी स्वतःच लावला. पुढच्या उन्हाळ्यात जाऊ म्हटलं होतं, त्याआधीच ते मित्र गेले.

तुमच्या आई रोज पेन्सिलीनं लिहितायत ना, लिहू द्या. वाट बघायचा तो त्यांचा मार्ग आहे, तो काढून घेऊ नका.

आमच्या ग्वाल्हेरला गाड्या भरपूर, दिल्लीच्या मेन लाइनवर आहोत, पण डिसेंबर-जानेवारीत धुकं पडलं की पाच-पाच सहा-सहा तास लेट. तुम्हालाही पुढे कधी उपयोगी पडेल म्हणून सांगतो, जिथून चढणार तिथे गाडी ३ तासांपेक्षा जास्त लेट असेल आणि जायचं नसेल तर गाडी सुटायच्या आत टीडीआर, म्हणजे पैसे परत मागायचा अर्ज, भरायचा, पूर्ण पैसे मिळतात. गाडी निघून गेल्यावर भरला तर काही नाही.

मल्हारगंज_०७

सगळे तिकिटाचं सांगतायत पण मूळ दुखणं कोणी बोलत नाहीये. इंदूरपासून पुणं रस्त्यानं जेमतेम सहाशे किलोमीटर. गाडीनं जायचं तर आधी रतलाम, मग बडोदा, सुरत, वसई, कल्याण आणि मग पुणं, नऊशेच्या वर. दक्षिणेला जायला आपण आधी पश्चिमेला गुजरात गाठतो, असला द्राविडी प्राणायाम. घरटी एक पोरगं पुण्यात, आणि गाड्या किती तर बोटावर मोजण्याएवढ्या. मग वेटिंग लागणार नाही तर काय होईल.

इंदूर-मनमाड लाइनचं मी शाळेत असल्यापासून ऐकतोय. दर निवडणुकीत सर्वे. शेवटी २ सप्टेंबर २०२४ ला केंद्राच्या कॅबिनेटनं मंजूर केली, ३०९ किलोमीटर, १८,०३६ कोटी, ३० नवीन स्टेशनं, २०२८-२९ पर्यंत पूर्ण करू म्हणतायत. माझ्या वडिलांनी त्या दिवशी पेढे आणले, ते ७८ चे आहेत, धुळ्याचे मूळचे. म्हणाले मला इंदूरला बसून धुळ्याला उतरायचंय एकदा. मी काय बोलणार. दाहोदच्या लाइनची पायाभरणी २००८ ची, दोनशे किलोमीटरची ती लाइन, मधे कोविडमध्ये कामच थांबवलं होतं. मेट्रोचं भूमिपूजन २०१९ ला झालं आणि पहिली गाडी ३१ मे २०२५ ला धावली, ती पण पाच स्टेशनांपुरती. म्हणून मंजुरी आली तरी मी तारीख धरून बसत नाही, वडील मात्र बसलेत.

जुना_बुकिंगबाबू

मल्हारगंज, तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा. दक्षिणेला जायची लाइन आपल्याला होती हो, ती विसरू नका. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी १८७० मध्ये इंग्रजांना १ कोटी रुपये कर्ज दिलं होतं, साडेचार टक्क्यानं, १०१ वर्षांच्या मुदतीवर, फक्त खंडव्याहून इंदूरला रेल्वे यावी म्हणून. ती मीटर गेज. आमच्या लहानपणी महाराष्ट्रात जायचं म्हणजे याच गाडीनं महू, पाताळपाणी, कालाकुंड, नर्मदा ओलांडून खंडव्याला उतरायचं आणि तिथे मोठ्या गाडीची वाट बघायची. रात्र रात्र. आई होल्डॉल उलगडून आम्हा तिघांना त्यावर आडवं करायची आणि स्वतः ट्रंकेवर बसून राहायची, सुरईवर पेला उपडा घालून. दर अर्ध्या तासानं बाबा स्टेशन मास्तरकडे जाऊन यायचे आणि आल्यावर आई काही विचारायच्या आत म्हणायचे, "हरदा सोडलं नाही अजून" किंवा "इटारसीहून निघाली". तेवढं ऐकलं की आई परत भिंतीला टेकायची. येताना कालाकुंडला घाट चढायला मागे दुसरं इंजिन लागायचं, त्याला वेळ लागायचा, तोवर पानाच्या द्रोणात कलाकंद. तिथे गाडी थांबली म्हणून कोणी कुरकुर केल्याचं मला आठवत नाही.

आता महू ते सनावद २०२३ पासून बंद आहे, मोठी लाइन टाकतायत. पाताळपाणी-कालाकुंड तेवढी हेरिटेज गाडी चालवतात. ती मोठी लाइन झाली तर खंडवा, भुसावळ, मनमाड असं जाता येईल, म्हणजे दोन दारं उघडतील. मला दोन्ही बघायचीत.

काउंटरवरचं एक सांगतो ताई. आधी चार्ट छापून डब्याच्या दाराशी चिकटवायचे, खळ ओलीच असायची. लोक बोट वरून खाली नेत नाव शोधायचे. माझी ड्यूटी संपली की मी कधी कधी प्लॅटफॉर्मवर जाऊन उभा राहायचो, बोट नावावर थांबलं की माणसाचा चेहरा बघायला. २०१८ पासून ते चिकटवणं बंद करत आणलं.

बडोदेकर_रावपुरा

मी बडोद्याहून. तुमची गाडी आमच्याकडे रात्री येते. एक चूक करू नका जी माझ्या वहिनींनी केली. इंदूरचं मिळत नाही म्हणून कोणीतरी सुचवेल की बडोद्यापर्यंत दुसऱ्या गाडीनं या आणि बडोद्याहून पुणं काढा. मधल्या स्टेशनचं वेटिंग जवळजवळ हलत नाही. आणि दोन वेगवेगळी तिकिटं म्हणजे पहिली लेट झाली की दुसरी गेली, रात्री अकरा वाजता आईंना घेऊन जिने चढा-उतरायचे. इंदूरहून एकच तिकीट, तेच धरा.

आणि ताई, आमचं घर स्टेशनपासून १५ मिनिटांवर. रात्रीचं काही लागलं, गरम पाणी, औषध, दूध, तर इथे लिहून ठेवा, मी गाडीवर येईन. आमच्या आईला पण शुगर होती, रात्री एकदम कमी व्हायची, म्हणून सांगतो खडीसाखर हाताशी ठेवा, बॅगेत वर, खाली नको.

सुदामानगर_इंदूर

सगळ्यांचं वाचून दाखवलं आईला. बडोद्याच्या दादांचं ऐकून तिच्या डोळ्यात पाणी आलं, म्हणाली त्याला म्हणावं तुझ्या आईची आठवण मी काढेन. काकांचं खंडव्याचं ऐकताना मधेच म्हणाली, सुरई नव्हती आमच्याकडे, फिरकीचा तांब्या होता. ती पण लहान असताना तिथेच बसलीये रात्री, मला आजवर माहीत नव्हतं.

आकडा रोज खराच सांगतेय. काका म्हणाले तसंच झालं, १७ वर येऊन पाच दिवस १७ च. मी आईला आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून ती कालनिर्णयवर १७ च्या खाली १७ लिहीत गेली, जेवली पण नीट. मग १२. मग ९. त्या दिवशी कढई चढली.

सुदामानगर_इंदूर

आज सकाळी चार्ट लागला. रात्री वेटिंग २, ३ वर झोपलो होतो. सकाळी उघडलं तर आरएसी ५, ६. आई दारात उभी होती, मी म्हटलं बसायला मिळालंय, ती म्हणाली बसायलाच पाहिजे होतं.

राऊकर

वा वा! लाडू हातातल्या पिशवीत घ्या, मोठ्या बॅगेत चुरा होतो.

जुना_बुकिंगबाबू

५ आणि ६ म्हणजे तुम्हा दोघींना बहुतेक एकच साइड लोअर. अनोळखी माणूस शेजारी नाही, हे चांगलं झालं. टीसी आला की त्याला आईंचं वय सांगा. जे चढत नाहीत त्यांचे बर्थ त्याच्या मशीनवर आरएसीवाल्यांना क्रमानं मिळतात. तुमचा नंबर वरचा आहे, रतलामपर्यंत काहीतरी होईल.

सुदामानगर_इंदूर

पोचलो. एक तास दहा मिनिटं लेट.

रतलामपर्यंत एकाच सीटवर होतो, आईला आडवं केलं, उशी खिडकीकडे, पाय माझ्या मांडीवर. तळपाय गार पडतात तिचे, माझ्या शालीत गुंडाळून धरले होते. रतलाम सुटल्यावर टीसी आले, पलीकडच्या बे मध्ये वरचा एक बर्थ दिला मला, आईला साइड लोअर पूर्ण. मी वर गेले पण झोप काही आली नाही, खाली वाकून बघत होते. बडोद्याला ती जागी झाली, पडदा सरकवून प्लॅटफॉर्मकडे बघत म्हणाली, तो मुलगा इथेच राहतो ना. दादा, तुम्हाला उगाच रात्रीचं उठवायला नको म्हणून लिहिलं नव्हतं, पण तिनं हात जोडले खिडकीतून, तेवढं सांगायचं होतं.

पुण्याला मामा स्वतः आला होता स्टेशनवर, ८१ व्या वर्षी, काठी घेऊन, तो एक तास दहा मिनिटं बाकड्यावर बसून. भाचा म्हणत होता गाडीत बसा मामा, तर मामा नाही म्हणाला. आई उतरल्यावर दोघं काही बोलले नाहीत थोडा वेळ. मग तिनं पिशवी पुढे केली.

उद्या ओवाळायचंय. परतीचं लोअर बर्थ कोट्यातून काढलंय, दोन्ही कन्फर्म.

मल्हारगंज_०७

काका, त्या कोट्यातून वडिलांसाठी एकट्याचं काढायचंय, भुसावळपर्यंत, पुढे धुळ्याला भाऊ गाडीनं नेईल. खंडवामार्गे बंद आहे तर भोपाळ-इटारसीहून बरं पडेल का सुरतेवरून? किती दिवस आधी उघडतं?

जुना_बुकिंगबाबू

६० दिवस आधी, सकाळी ८ वाजता. नोव्हेंबर २०२४ च्या आधी १२० होते. इटारसीवरून न्या, पण एकाच गाडीचं मिळतं का ते आधी बघा, ७८ व्या वर्षी रात्रीची बदली नको. तारीख सांगा, मी बघून देतो.